दाऊ म्हणजे तू

बाईंना चूक बघवत नसे, आणि जग तर चुकांनी खच्चून भरलेलं. त्यामुळे त्यांना क्षणाची उसंत नव्हती. औषधाच्या बाटलीवर स्पेलिंग चुकलेलं दिसलं की खोकला बाजूला राही आणि पर्समधून पेन बाहेर येई. शाळेच्या वाटेवर केस कापायचं एक दुकान होतं. त्याच्या इंग्रजी पाटीचा सरळ अर्थ 'येथे डोकी कापून मिळतील' असा होत होता. सलग तीन वर्षं बाईंनी जाता-येता त्या न्हाव्याचं डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकं येतात आणि परतही जातात. म्हणजे मी काय कापतो ते त्यांना कळतंय ना?"

पोरांनी त्यांचं नाव दुरुस्तीबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. तक्रार एवढीच होती, की फळ्यामागे कुणीतरी ते कोरून ठेवलं होतं आणि त्यात 'दु' दीर्घ काढला होता.

हा रोग जुना. कॉलेजात असताना एका मुलाने त्यांना चार ओळींचं प्रेमपत्र लिहिलं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. तीन ठिकाणी लाल गोल, एका क्रियापदाखाली दुहेरी रेघ, दहापैकी अडीच गुण आणि खाली शेरा: 'भेटावे.' तो भेटला. आता त्या भेटीला अठ्ठावीस वर्षं झाली. नकाशे काढायच्या कचेरीत तो नोकरी करतो आणि पाहुण्यांना सांगतो, "लोक पास झाल्यावर लग्न करतात, मी नापास झालो म्हणून झालं."

बाईंचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. खिडकीचं एक दार लागत नसे आणि दुसरं उघडत नसे. फळ्याला मधोमध तडा गेलेला, त्यामुळे बाईंनी लिहिलेलं प्रत्येक लांब इंग्रजी वाक्य नेमकं क्रियापदापाशी मोडे. अशा खोलीत सव्वीस वर्षं बाईंनी दहावीला इंग्रजी शिकवलं, आणि जीव तोडून शिकवलं. कविता असली की अख्खा वर्ग बाकं बडवून तिचा ठेका धरी. खालच्या वर्गात भूमितीच्या सरांच्या हातातला खडू हाले आणि त्यांचं वर्तुळ बसकं होई. व्याकरण असलं की मुलांनाच कर्ता, कर्म, क्रियापद करून उभं केलं जाई. कर्मणी प्रयोग आला की कर्ता मागच्या बाकावर जाऊन बसे. या कारणासाठी कर्ता व्हायला वर्गात मारामारी चाले.

पण बाईंचा खरा जीव होता तो नाटकात. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं नाटक. ज्यांनी ते लिहिलं त्यांना वर्ग 'नाटकवाले आजोबा' म्हणे. एक कप्तान दोन वर्षांनी समुद्रावरून घरी येतो आणि बायकोला थाप मारतो, की वादळात सगळं बुडालं. खरं म्हणजे त्याने सगळं पैजांमध्ये घालवलेलं असतं. पुढे चार अंक ती थाप निस्तरण्यात जातात. जुनी इंग्रजी पोरांच्या घशाखाली उतरावी म्हणून बाईंनी एक पाढाच बसवला होता. दाऊ, दी, दाय. दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा. आणि यू? यू म्हणजे तुम्ही. पण आता दाऊ मेला, यू उरला, दोघांचा अर्थ एकच धरा आणि पुढे चला. वर्ग तालात म्हणे, "दाऊ मेला, यू उरला."

सोमवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर एक पत्रक होतं आणि एक गुळगुळीत पातळ पुस्तक.

"बस," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या 'बस' म्हणाल्या की बातमी वाईट, हे शाळेला माहीत होतं. चांगली बातमी त्या उभ्याउभ्याच देत.

"वरून आलंय. आपल्यासारख्या शाळांमधल्या मुलांना ते नाटक झेपत नाही म्हणे. पुढच्या वर्षीपासून त्याऐवजी हे. गुरुवारी तपासणीचे साहेब येतील, तुझा एक तास बघतील. मुलांना नाटक कळतंय असं त्यांना दिसलं तर राहील. नाही तर नाही."

बाईंनी पातळ पुस्तक उघडलं. पहिला धडा: विमानतळावर सामान हरवल्यास काय बोलावे. वर्गात अडतीस मुलं होती. त्यांच्यातल्या एकाचंही सामान कधी विमानतळावर हरवलं नव्हतं. कारण सामान राहिलं बाजूला, विमानतळापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

"यात दुसऱ्या पानावर स्वल्पविराम चुकलाय," बाई म्हणाल्या.

"तो सोड. गुरुवारचं बघ."

बाईंनी गुरुवारचं असं काही बघितलं, की तीन दिवसांत वर्गाचा पोपटांचा पिंजरा झाला. आयुष्यभर घोकंपट्टीला शिव्या घालणाऱ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी स्वतःचीच तत्त्वं विकतो. पहिल्या अंकाचं शेवटचं पान निवडलं गेलं. कुणाला कुठला प्रश्न विचारायचा ते ठरलं. उत्तरं ठरली. शेवटी साहेबांनी "काही शंका?" विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात "नाही, साहेब" म्हणायचं, हेही ठरलं.

त्या पानावर कप्तान घरात पाऊल टाकतो. बायको म्हणते, दाऊ दमला असशील, बस. मग तो थाप मारतो. त्यावर ती पुन्हा तेच वाक्य म्हणते, फक्त दाऊच्या जागी यू. सव्वीस वर्षं बाई इथे थांबून सांगत आल्या होत्या: लिहून घ्या, ही पुनरुक्ती. भर देण्यासाठी लेखक तेच वाक्य पुन्हा वापरतो.

मंगळवारी या पानाचं मराठी भाषांतर वहीत करून आणायला सांगितलं. बुधवारी बाई स्टाफरूममध्ये वह्यांचा ढीग घेऊन बसल्या. सदतीस वह्यांत कप्तानाची बायको दोन्ही वेळा म्हणत होती, 'अरे, तू दमला असशील, बस.' अडतिसाव्या वहीत पहिल्यांदा तसंच होतं, पण दुसऱ्यांदा लिहिलं होतं, 'अहो, तुम्ही दमला असाल, बसा.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि शेरा दिला: 'एकसारखेपणा ठेव.'

ती वही अपीलची होती. अपील म्हणजे तिसऱ्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी. तिची मावशी कोर्टात टंकलेखक होती, आणि त्या मावशीच्या बोलण्यातूनच बहुधा पोरीच्या अंगात खटला भिनला होता. तिने पाव गुणासाठीही कधी हार मानली नव्हती. चित्रकलेच्या सरांशी ती एका ढगावरून पंधरा दिवस भांडली होती. वह्या परत मिळाल्या मिळाल्या ती स्टाफरूमच्या दारात हजर.

"बाई, हे दोन गुण का गेले?"

"लिहिलंय की. आधी अरे, मग अहो. एका नवऱ्याला दोन-दोन नावांनी कोण हाक मारतं?"

"मी नाही बदललं, बाई. पुस्तकात बदललंय."

"अगं, गुरुवार होऊ दे. मग बघू."

"नक्की बघाल ना?"

"तुझ्या तावडीतून आजवर कुणी सुटलंय का?"

भूमितीचे सर पलीकडून म्हणाले, "या पोरीला वरच्या कोर्टात पाठवा."

गुरुवारी साहेब आले. उंच, शांत, टक्कल पडत चाललेले, हातात पुठ्ठ्याला लावलेला छापील फॉर्म. शेवटच्या बाकावर, मुलांसाठी केलेल्या त्या बुटक्या जागेत ते गुडघे हनुवटीला लावून बसले. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

पिंजरा उघडला आणि पोपट बोलू लागले. पहिल्या नंबराचा मुलगा, ज्याला सगळे पहिला नंबरच म्हणत, त्याने कप्तानाचं स्वभावचित्र एका दमात म्हटलं. एका मुलीने अलंकार सांगितला. बाकं बडवून ठेकाही धरून झाला. सगळं घड्याळासारखं चाललं होतं, आणि साहेबांचं पेन काही हलत नव्हतं. असल्या पोपटांचे थवे त्यांनी नोकरीत बरेच पाहिले असावेत.

"छान," साहेब म्हणाले. ते 'छान' ऐकून बाईंच्या मनात विमानतळ दिसू लागला. "काही शंका?"

"नाही, साहेब," सदतीस आवाज म्हणाले.

एक हात वर होता.

बाईंनी अपीलकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर हात खांद्यातून गळून पडला असता. हा हात हलला नाही.

"बोल," साहेब म्हणाले.

"साहेब, शंका नाही. तक्रार आहे. बाईंनी माझे दोन गुण कापलेत."

मोठ्या बाईंनी दाराची चौकट धरली. वर्गात टाचणी पडली असती तर तीसुद्धा आधी परवानगी मागून पडली असती.

बाईंना तेव्हा एकच शब्द म्हणायचा होता. 'बस.' तास वाचला असता, कदाचित नाटकही. तो शब्द जिभेवर आलादेखील. पण अपील उभी होती, वही छातीशी धरून, आणि तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. स्टाफरूममध्ये "मग बघू" म्हणून दिलेला शब्द पाळला जाईल, एवढा भरवसा होता. असल्या भरवशाचं ओझं फार. बाई म्हणाल्या, "सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

"बाई, तुम्हीच पाढा शिकवलात. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. ती बायको आधी दाऊ म्हणते. मग तो थाप मारतो. आणि मग ती यू म्हणते. वाक्य तेच, पण तेच नाही."

"म्हणजे?" हे साहेब.

"साहेब, माझी आई बाबांना नेहमी अरे म्हणते. अरे ऐक, अरे ये. पण ज्या दिवशी ती म्हणते, 'अहो, तुम्ही दमला असाल, बसा', त्या दिवशी आम्ही तिघं भावंडं गुपचूप गच्चीवर जातो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. अपील थांबली नाही.

"म्हणजे तिला थाप कळलीये, साहेब. त्याच क्षणी. फक्त ती बोलून दाखवत नाहीये. चार अंक तो उगाच लपवत फिरतो."

बाई पुस्तकाकडे बघत राहिल्या. तेच पान. याच पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीत 'पुनरुक्ती' लिहिलेलं होतं, आणि दर वर्षी ते पुसट झालं की पुन्हा गिरवलं होतं. पाढा त्यांचा, पुस्तक त्यांचं, घरी नवऱ्याला अरे म्हणणाऱ्याही त्याच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सव्वीस वर्षांचा वळसा.

"दे वही," त्या म्हणाल्या. त्यांनी लाल पेन काढलं, स्वतःच्या शेऱ्यावर आडवी फुली मारली आणि दोन गुण परत दिले. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हिचं बरोबर आहे. माझं चूक होतं. आणि आजच नाही, सव्वीस वर्षं चूक होतं."

साहेबांनी पेन उचललं आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. बाईंना तिथूनही रकाना वाचता आला. 'शिक्षकाच्या अध्यापनातील चुका.' झालं, त्यांच्या मनात आलं, गेलं नाटक. आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचं हवं तेवढं वाईट वाटेना. छातीत काहीतरी भलतंच फुगत होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे उलटं आहे," ते जरा घसा खाकरून म्हणाले. "आमच्याकडे रोजचं अहो. अरे आलं, की मी रजा टाकतो." मग ते पुढे वाकले. "मग ती परत दाऊवर कधी येते?"

वर्गाने बाईंकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्या खोलीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "शोधा."

अडतीस पुस्तकांची पानं फडफडली. दुसऱ्या अंकात यू. तिसऱ्यातही यू. "बाई, इथे पण यूच. बाजारातला प्रवेश." "इथे तर तिने त्याला सर म्हटलंय." "मेला बिचारा," कुणीतरी म्हणालं. साहेबांनी शेजारच्या मुलाचं अर्धं पुस्तक स्वतःकडे ओढलं होतं आणि बोट फिरवत ते ओळी बघत होते. त्यांचा फॉर्म कधीच बाकाखाली पडला होता.

सापडलं ते पहिल्या नंबराला, अगदी शेवटच्या पानावर. कप्तान पावसात भिजत दारात येऊन उभा राहतो आणि एकदाचं सगळं खरं सांगून टाकतो. लांबलचक भाषण. ते भाषण बाई दर वर्षी पाठ करून घेत. त्यानंतर बायकोची एक चिमुकली ओळ होती. तिला बाई दर वर्षी म्हणत, हे किरकोळ, पुढे चला.

"बाई, इथे दाय आहे," पहिला नंबर म्हणाला.

"वाच. मराठीत."

त्याने ओळीवर बोट ठेवलं. "'तुझे बूट ओले झालेत.'"

एवढंच. पहिली दोन बाकं गप्प झाली, मग मागची. ज्यांना आधी कळलं त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारून सांगितलं, "अरे, माफ केलं तिने." कुणी हसलं नाही. पलीकडे साहेब बुटांकडे बघत बसले होते. स्वतःच्याच.

बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "इंग्रजांचा तू हरवला, मुलांनो. त्यांच्या पोरांना हे खाली तळटीप देऊन समजवावं लागतं. तुमच्या घरी ते रोज जेवणाच्या ताटावर चालतं. हे नाटक तुम्हाला झेपत नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा."

ते ज्यांनी म्हटलं होतं त्यांचा माणूस शेवटच्या बाकावर बसला होता. तो गुडघे सोडवत उठला, खाली वाकून त्याने फॉर्म उचलला आणि म्हणाला, "मी कळवतो."

पंधरा दिवसांनी कळलं. मोठ्या बाईंनी पत्र उभ्याउभ्या वाचून दाखवलं, म्हणजे बातमी चांगली होती. नाटक राहावे. 'अध्यापनातील चुका' या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: 'एक. वर्गाने दुरुस्त केली. असा वर्ग मी पाहिला नव्हता.' विमानतळाचं पुस्तक आणखी कुठल्या तरी शाळेत गेलं.

पण बाईंच्या डोक्यात तिढा वेगळाच होता. अपीलचं उत्तर बरोबर, तर उरलेल्यांचं चूक. आणि त्या सदतीस जणांना त्यांनी पैकीच्या पैकी दिले होते. बाईंना स्वतःची ही चूकही बघवेना. वह्या पुन्हा मागवल्या आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकीतून दोन-दोन गुण कापत बसल्या.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" भूमितीचे सर म्हणाले. "तिला दोन दिलेत, संपलं. बाकीच्यांचे कशाला कापता? तुम्हीच तसं शिकवलंत ना?"

"शिकवलं. पण पुस्तक त्यांच्याही समोर होतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी डोळे मिटले."

"शाळेला आग लागेल."

आग लागलीच. पहिला नंबर वही घेऊन आला, डोळे भरलेले. दोन गुणांनी तो दुसरा नंबर झाला होता. पहिली आता अपील होती.

"बाई, तुम्ही म्हणालात पुनरुक्ती, म्हणून मी पुनरुक्ती लिहिलं."

"हो."

"मग ही माझी चूक कशी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "निम्मी माझी. म्हणून त्या ओळीचे चारही गुण न कापता दोनच कापले. आणि शेवटच्या पानावरचा दाय कुणाला सापडला?"

"मला."

"मी सांगितलं होतं?"

"नाही. तुम्ही म्हणायचात, किरकोळ."

"मग? डोळे मिटून पहिला होतास. उघडे ठेवून दुसरा आहेस. कुठलं चांगलं, तूच ठरव."

त्याने वही मिटली. मग नाक पुसून म्हणाला, "बाई, तिसऱ्या अंकात नोकर मालकाला एकदा दाऊ म्हणतो. मी कालच पाहिलंय. तिथे तुम्ही काय सांगितलं होतं, आठवतं?"

बाईंना आठवत होतं. छपाईची चूक, असं सांगितलं होतं.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, पान काढलं, ओळ दोनदा वाचली. मग शेजारची रिकामी खुर्ची स्वतःच्या हाताने पुढे सरकवली आणि भूमितीच्या सरांना सांगितलं, "सर, जरा सरका. आमच्या दुसऱ्या नंबराला बसू द्या."